गोळी बाईला, आराम घराला

आपल्या आरोग्य शिबिरांतून गेली काही वर्षं एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'स्टिरॉइड घातक, ताबडतोब बंद करा.' पत्रकांत ते ठळक टाइपात असतं. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या बातम्या आल्या तेव्हापासून तर या शब्दाची धास्तीच बसली आहे. समोर बसलेल्या बायका माना डोलावतात. त्यांतली एखादी घरी जाऊन खरोखरच गोळ्या टाकून देते, आणि काही दिवसांनी उलट्या, भोवळ, उतरलेला रक्तदाब अशा अवस्थेत तिला रिक्षात घालून दवाखान्यात आणावं लागतं. नाहीतर तिसऱ्याच दिवशी सांधे असे धरतात की ती मुकाट्यानं पुन्हा त्याच डॉक्टरकडे त्याच पुडीसाठी जाते. पहिलीला आपण अडाणी म्हणतो, दुसरीला कच्च्या मनाची.

या वाक्याविरुद्ध मला लिहायचं आहे. स्टिरॉइडची वकिली करण्यासाठी नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की आमवातासारख्या दुखण्यात बाईला वर्षानुवर्षं जी गोळी चालू ठेवली जाते, ती बहुतेक वेळा बाईचं दुखणं बरं व्हावं म्हणून नसतेच. घरातलं काम थांबू नये म्हणून असते. त्यामुळे ती कमी करायची वेळ आली की प्रश्न डॉक्टर आणि पेशंट यांच्यात मिटत नाही. पाणी कोण भरणार, कपडे कोण पिळणार, भाकरी कोण थापणार इथपर्यंत तो जातो. आणि तिथे मात्र कोणी हात लावत नाही. शिबिरवालेही नाहीत, आपणही नाही.

आमवात म्हणजे म्हातारपणची गुडघेदुखी नव्हे. ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात तो आजार ऐन तिशी-चाळिशीत धरतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, सांध्यांचं अस्तर सुजतं, आणि उपचार झाला नाही तर हाडं झिजून बोटं वाकडी होतात. पुरुषांच्या दोन-तीन पट बायकांना तो होतो. ल्युपस या त्याच्याच नात्यातल्या आजारात तर दहांतल्या नऊ बायका असतात. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला सुमारे चार हजार प्रौढांची घरोघर पाहणी सुरू झाली होती. त्यांतल्या शेकडा १८ जणांना सांध्यांची, स्नायूंची, पाठीची दुखणी होती, आणि आमवात दर दोनशे माणसांमागे एकाला. म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या गावात पंधरा-वीस. एवढ्या बायका गावात असतात आणि गावाला त्या ठाऊक नसतात. 'तिचं नेहमीचंच आहे' या तीन शब्दांखाली त्या झाकल्या गेलेल्या असतात.

या आजाराची एक खोड आहे : तो सकाळी सर्वांत वाईट असतो. उठल्यावर तासभर, कधी दोन-तीन तास बोटं वळत नाहीत, मूठ मिटत नाही, पाय जमिनीला टेकवत नाही. आता बाईची सकाळ आठवून पाहा. नळाला पाणी पाचला येतं. डबे सातला लागतात. कणीक मळायची ती त्याच बोटांनी, स्टोव्हची किंवा गॅसची चावी फिरवायची ती त्याच मनगटानं, ओली चादर पिळायची तीही. पुरुषाचा सांधा धरला तर तो 'आज जरा उशिरा जातो' म्हणू शकतो. बाईला उशिरा जायला जागाच नाही. तिचं कामाचं ठिकाण तिच्या अंथरुणाला लागूनच आहे.

मग येते पुडी. गावचा किंवा वस्तीतला डॉक्टर कागदात तीन-चार सुट्या गोळ्या बांधून देतो. नाव नाही, प्रमाण नाही, पावती नाही. त्यात बहुधा एक दुखणं मारणारी असते, एक पित्ताची, आणि एक बारीकशी स्टिरॉइडची. काही ठिकाणी 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णातही हेच मिसळलेलं सापडलं आहे. दुसऱ्या दिवशी बाई उठते आणि काय आश्चर्य, बोटं वळतात! सासू म्हणते, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. महिना-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, अंग भरतं. शेजारणी म्हणतात, तब्येत सुधारली हो. ते बाळसं नसतं, औषधाची सूज असते, हे तिला कोणी सांगत नाही. पुढे साखर वाढते, रक्तदाब चढतो, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, कातडी पातळ होऊन जरा खरचटलं तरी काळंनिळं पडतं, हाडं ठिसूळ होतात. दुखणं मारणारी गोळी आणि स्टिरॉइड एकत्र पोटात गेली की जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. डॉक्टर मंडळी 'खाऊन मग घ्या' असं सांगतात. घरात सर्वांत शेवटी, अकरा-बारा वाजता जेवणाऱ्या बाईनं पहाटे पाचला काय खाऊन घ्यायची?

औषधाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिसोनचं इंजेक्शन आमवातासाठी पहिल्यांदा दिलं गेलं, ते एका २९ वर्षांच्या बाईला. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली, गावात खरेदीला गेली. १९५० मध्ये फिलिप हेंच, एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधले तादेउस राइखश्टाइन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हेंच यांना हा शोध सुचला तो गरोदरपणात आणि काविळीत आमवात दबतो या निरीक्षणावरून. म्हणजे या औषधाच्या मुळाशीच बायकांची शरीरं आहेत. आणि थोड्याच वर्षांत हेही दिसलं, की हे औषध सूज दाबतं, आजार घालवत नाही, आणि फार काळ मोठ्या प्रमाणात दिलं तर शरीर पोखरतं. इतकी जुनी माहिती आपल्या पुडीपर्यंत अजून पोचलेली नाही.

मग बंद का करू नये? कारण शरीर स्वतःही एक स्टिरॉइड बनवत असतं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं संप्रेरक बनवतात; त्यावर आपला रक्तदाब, साखर, ताप-अपघातात तग धरण्याची ताकद अवलंबून असते. बाहेरून तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ गोळी येत राहिली की या ग्रंथी आपलं काम थांबवतात. गोळी एकदम बंद केली तर बाहेरचं नाही आणि आतलंही नाही. त्या पोकळीत माणूस दगावू शकतं. म्हणून डोस पायरीपायरीनं उतरवायचा असतो. वरच्या पायऱ्या जरा भराभर उतरता येतात, पण साधारण साडेसात-पाचच्या खाली एकेक मिलिग्रॅम उतरायला महिना-महिना लागतो, आणि ग्रंथी पूर्ववत व्हायला कधी कधी वर्ष जातं. पुडीतल्या बारीक गोळीला हलकी समजू नये. डेक्सामेथासोनची पाऊण मिलिग्रॅमची मात्रा प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमइतकी भारी असते.

आणि उतरताना दुखतं. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे, कारण मला स्वतःला हा आजार एकतिसाव्या वर्षी जडला आणि वीस मिलिग्रॅमवरून शून्यावर यायला मला चौदा महिने लागले. दर पायरीनंतर चार-सहा दिवस सगळं अंग ठणकतं. मांड्या, खांदे, जिथे आजारच नाही तिथेही. थकवा इतका की केस विंचरायला हात उचलवत नाही. रडू येतं, विनाकारण. हे सगळं आजार उलटल्याचंच लक्षण असतं असं नाही. पुष्कळदा ते गोळीची सवय सुटत असल्याचं असतं, आणि थांबलं की ओसरतं. आजार उलटला तर सांधा सुजतो, गरम लागतो, सकाळचं आखडणं दिवसेंदिवस लांबत जातं. हा फरक ओळखायला मी एका जुन्या वहीत रोज तीन आकडे लिहीत असे : किती वाजता उठले, किती वाजता मूठ मिटली, किती सांधे सुजलेत. डॉक्टरांना माझ्या वर्णनापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त झाला. सकाळी गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बोटं हलवणं, सुजलेला सांधा थोडा विसावू देणं आणि सूज उतरली की रोज हलवणं, कपडे धुणं आणि केर-फरशी एका दिवशी न करणं, अशा साध्या गोष्टींनी दिवस निघतात. पण हे लिहितानाच मला कळतं आहे, की यांतली प्रत्येक गोष्ट मला जमली, कारण माझ्याकडे पगारी रजा होती आणि घरात ज्याला स्वयंपाक येतो असा माणूस होता. एक मिलिग्रॅमची गोळी आमच्या भागातल्या दुकानांत मिळत नसे. पाचाची गोळी सुजलेल्या बोटांनी मोडून तिचे सारखे तुकडे करणं हेसुद्धा तोच करी.

ज्यांच्याकडे हे नाही त्यांचं काय? माझ्याकडे येणाऱ्या एका धुणीभांडी करणाऱ्या बाईनं मला सरळ हिशेब सांगितला. 'ताई, डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस त्रास होईल, सोसा. पंधरा दिवस चार घरं कोण सोसणार?' दोन घरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, खाडा झाला तर दुसरी बाई बघू. ती दर वेळी साडेसातापर्यंत उतरते आणि पुन्हा दहावर चढते. तिच्या केसपेपरवर लिहिलं आहे : पेशंट सहकार्य करत नाही.

हे 'सहकार्य' कोणी कोणाशी करायचं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते, आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांचे ९७. आमवात झालेल्या बाईची २९९ मिनिटं त्या दिवसापासून कमी होतात, असं मी तरी एकाही घरात पाहिलेलं नाही. कमी होते ती तिची झोप. गोळी ही त्या २९९ मिनिटांची हमी आहे. घराला ती अतिशय स्वस्त पडते. मोलकरणीपेक्षा स्वस्त, मुलानं ताट उचलण्यापेक्षाही स्वस्त. किंमत चुकती होते ती दहा वर्षांनी, बाईच्या खुब्याच्या हाडातून.

हे आपल्याला नवं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न उघड झाला. सरकारी समितीनं सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, म्हणून पिशवीच नको. तेव्हा आपण बरोबर म्हटलं होतं की बाईच्या शरीराला कामाच्या मापानं कापलं जातंय. पुडीतली गोळी त्याच कात्रीची दुसरी धार आहे. फरक इतकाच, की तिथे मुकादम होता म्हणून बोट दाखवता आलं. इथे मुकादम घरातच जेवायला बसलेला असतो.

सरकारचाही हिशेब मांडायला हवा. स्टिरॉइड कमी करता येतं ते त्याच्या जोडीला आजार आवरणारं औषध चालू असेल तरच. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन ही ती औषधं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि फार महागही नाहीत. त्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर स्टिरॉइडचा पूल वापरायचा, अशी खरी पद्धत. पण मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. तिच्याबरोबर रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात. मूल हवं असेल तर ती बरीच आधी थांबवावी लागते, आणि हे लग्न होऊन गेलेल्या मुलीला सासूसमोर विचारायचं कोणी? मी गेले त्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्टिरॉइडची गोळी होती, दुखण्याची होती. ही औषधं नव्हती. त्यासाठी जिल्ह्याला जा, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मोजा, रांगेत उभ्या राहा. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. वर्षानुवर्षं बाहेरून घ्यायच्या गोळ्या आणि तपासण्या तिच्या चौकटीत नीट बसत नाहीत. हाड मोडलं तर योजना, मोडू नये म्हणून काही नाही. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. आमवात किंवा ल्युपस नावानं त्यांत नाही. सांधे पुरेसे वाकडे झाल्यावर हालचालीचं अपंगत्व म्हणून दाखला मिळू शकतो. म्हणजे आधी वाकडं व्हा. आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीनं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दुकानांतून गायब झालं तेव्हा ल्युपसच्या बायकांनी दाराेदार फिरून ते शोधलं, हेही विसरायला नको.

आता सल्ला केंद्रांबद्दल, कारण इथे चूक झाली तर बाई मरू शकते. आमवाताच्या बाईला माहेरी धाडून देणं ही आपल्याकडची ठरलेली रीत आहे. 'बरी झालीस की ये.' भांडण झालं, रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढली, की गोळ्यांची डबी मागे फडताळात राहते. केंद्रात आल्यावर आपण मारहाणीच्या खुणा विचारतो, स्त्रीधन विचारतो, मुलं कुठे आहेत ते विचारतो. 'रोजची काही गोळी चालू आहे का?' हे विचारत नाही. दोन दिवसांनी ती उलट्या करू लागते, आपल्याला वाटतं धसका घेतलाय. स्टिरॉइडवर असलेल्या बाईला गोळीविना घराबाहेर काढणं म्हणजे तिच्या जिवावर उठणं आहे, आणि अर्जात ते तसं लिहिलं गेलं पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये आरोग्याला धोका पोचवणं हे हिंसाचाराच्या व्याख्येत येतं. कलम २० खाली वैद्यकीय खर्च मागता येतो. नवऱ्यानं औषधाचे पैसे रोखले, 'एवढी महागडी बायको परवडत नाही' म्हणून तपासण्या बंद पाडल्या, तर हीच कलमं लावा. मी तरी असे अर्ज फार थोडे पाहिले आहेत.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीनं १९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ चा कायदा झाला तो आपल्या रेट्यामुळे. बाईच्या शरीरात कोणतं संप्रेरक, कोणाच्या सोयीसाठी, तिला न सांगता सोडलं जातंय हा प्रश्न आपण देशाला शिकवला. स्टिरॉइडही संप्रेरकच आहे, आणि तेही न सांगताच दिलं जातं. मग हा प्रश्न आपण त्याला का विचारला नाही? मला वाटतं, गर्भाशय सोडून बाईला इतर अवयव असतात हे आपणही पुरतं मान्य केलेलं नाही. आपल्या बैठका सकाळी नऊला, सतरंजीवर, आणि खुर्ची मागणाऱ्या बाईकडे सगळ्या जणी वळून बघतात. एका शिबिरात मला 'एवढ्यातच थकलीस?' असं एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं प्रेमानं विचारलं होतं. प्रेमानंच, पण विचारलं.

तेव्हा पत्रकातलं ते वाक्य बदलू या. 'गोळीचं नाव आणि प्रमाण लिहून मागा. मनानं बंद करू नका. उतरवण्याचं वेळापत्रक डॉक्टरकडून लेखी घ्या, आणि त्याच कागदावर घरातल्या कामांचं वेळापत्रकही मांडा.' दुसरा भाग पहिल्याइतकाच औषधाचा भाग आहे. एका वस्तीतल्या बचत गटानं उतरत्या दिवसांत गटातल्या बाईची धुण्याची कामं आळीपाळीनं वाटून घेतली. तिची घरंही सुटली नाहीत. पण हे बायकांनीच बायकांसाठी करायचं, आणि नवरे मोकळे, यावर माझा विश्वास नाही. म्हणून गृहभेटीला जाताना नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला समोर बसवून कामं नावानिशी लिहून घ्यावीत असा माझा आग्रह आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आजार आवरणारी औषधं आणि त्यांच्या तपासण्या मिळाव्यात, पुडीत काय आहे ते लिहून देणं डॉक्टरला भाग पडावं, या मागण्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे एकत्र घेऊन जायला हव्यात.

तोवर एक काम लगेच करता येईल. एक छोटं कार्ड छापून अशा प्रत्येक बाईच्या बटव्यात ठेवू या. मजकूर असा : 'मी गेले ___ महिने स्टिरॉइडची गोळी घेत आहे. सध्याचं प्रमाण ___. ही गोळी अचानक थांबवता येत नाही. मला उलट्या होत असतील, मोठा ताप वा अपघात असेल, शुद्ध नसेल, तर स्टिरॉइडचं इंजेक्शन तातडीनं लागू शकतं. डॉक्टरांना हे कार्ड आधी दाखवा.' मागच्या बाजूला डॉक्टरचं नाव आणि घरातलं काम वाटून घेणाऱ्या माणसाचं नाव. आमच्याकडे दहा-बारा जणींनी अशी कार्डं हातानं लिहून घेतली. चौघींनी ती शेवटची ओळ अजून कोरी ठेवली आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या भागात अशा किती बायका आहेत, आणि त्यांतल्या किती जणींना आपल्या गोळीचं नाव माहीत आहे, एवढे दोन आकडे तरी घेऊन यावेत.